मोहोरावर घेतलेली बाग आणि सिकलसेलचे औषध



गेल्या काही महिन्यांत आपल्या हितचिंतकांपैकी निदान सहा-सात जणांनी माझ्या मोबाईलवर एकच बातमी पाठवली. कुणी कात्रण पाठवले, कुणी व्हिडिओ. आशय असा, की सिकलसेलवर कायमचा उपाय सापडला आहे, तो आता भारतातही होणार आहे, आणि तोही आपल्या पुण्यात. मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी खाली लिहिले होते, "आपल्या वसतिगृहातल्या लेकरांना हे मिळेल ना? त्यासाठी वेगळा निधी काढू या का?" एका तरुण बंधूंनी विचारले, की अशी औषधे काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले तर सत्कार्य आणि नफा दोन्ही साधेल का. आणि तिसरा प्रश्न आला तो सातपुड्यातून, एका मुलीच्या बापाकडून, फोनवर: "ताई, सुई आली म्हणतात. मग गोळ्या बंद करायच्या ना?"

तिन्ही प्रश्न एकाच बातमीतून निघाले आहेत, पण तिघांना एकच उत्तर देऊन चालत नाही. म्हणून या अंकातली माझी पाने मी त्यासाठीच वापरते.

आधी आजार समजून घेऊ. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही ती मुडपून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात मात्र रक्तातला प्राणवायू कमी झाला की याच पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. ओढ्यावरच्या मोरीत काटक्या अडकाव्यात तशा त्या वाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि कळा सुरू होतात. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाने मला सांगितले होते, "ताई, हाडात कुणी पहार मारतंय." निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते. विळ्याची पेशी दहा ते वीस दिवसांत मोडते. म्हणून रुग्णाच्या अंगात कायम रक्त कमी, डोळे पिवळे, आणि साध्या तापानेही तो आडवा होतो.

याचे मूळ किती लहान आहे, हे पाहिले की थक्क व्हायला होते. रक्ताला लाल करणारे जे हिमोग्लोबिन, त्यातली एक साखळी १४६ दुव्यांची असते. त्यातला सहावा दुवा बदललेला असतो, बाकी सगळी साखळी जशीच्या तशी. तो एक दुवा बदलतो, कारण आईबापांकडून आलेल्या जनुकाच्या लिखाणात एक अक्षर चुकलेले असते. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या वाकड्या पेशींची पहिली नोंद छापली. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो आढळला. दोन वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत काम करून एक गोष्ट पुढे मांडली: ज्याला हे चुकलेले जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे, त्याला मलेरिया जिवावर बेतण्याइतका होण्याची शक्यता कमी असते. म्हणजे जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तिथेच हे जनुक टिकून राहिले. सातपुडा, मेळघाट, गडचिरोलीचे जंगल. आपल्या कामाचा नकाशा आणि जुना हिवतापाचा नकाशा शेजारी ठेवून पाहा.

आपल्या राज्यात भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान अशा समाजांत आणि विदर्भात आदिवासी नसलेल्याही काही समाजांत हा आजार आहे. देशभरातल्या आदिवासी गटांत वाहकांचे प्रमाण कुठे १ टक्का, तर कुठे ४० टक्क्यांपर्यंत सापडते. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे या पाड्यांवर रक्ताचे नमुने गोळा करण्यात घालवली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी सिकलसेल हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल.

वाहक आणि रुग्ण यांतला फरक मी प्रत्येक पालकसभेत सांगते, तो इथेही सांगते. एका पालकाकडून चुकलेले जनुक आले तर मूल वाहक, कागदावर 'एएस'. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडून आले तर मूल रुग्ण, कागदावर 'एसएस'. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. इथे लोक हमखास घसरतात. "चारातलं एक झालं ना आजारी, आता पुढची तीन चांगली," असे म्हणणारी जोडपी मी पाहिली आहेत. तसे नसते. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडवली जातात. मागच्या वेळी काय पडले, ते नाण्याला आठवत नाही.

आणि दोष आईचा नसतो. हेही सांगावे लागते, कारण घरात आईलाच बोल लागतात, भगताकडे आधी तिलाच नेतात. आपणही फार शहाणे आहोत असे नाही. जन्मांध माणसाला पाहून, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. तोच प्रश्न मला एका शहरी मंडळीत उपासनेनंतर चहा पिताना विचारला गेला आहे.

आता बातमीकडे येऊ. त्यासाठी 'दुर्मीळ आजार' हा शब्द नीट पाहावा लागतो. अमेरिकेत १९८३ साली एक कायदा झाला. ज्या आजाराचे रुग्ण त्या देशात दोन लाखांहून कमी, तो दुर्मीळ. अशा आजारावर कुणी औषध काढले तर त्या कंपनीला करात सवलत मिळते आणि सात वर्षे दुसऱ्या कुणाला त्या आजारावर तेच औषध विकता येत नाही. गिऱ्हाईक थोडे म्हणून कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या, त्यांना ओढून आणण्यासाठी ही व्यवस्था. अमेरिकेत सिकलसेलचे रुग्ण सुमारे एक लाख. म्हणजे तिथे हा दुर्मीळ आजार ठरला, आणि दुर्मीळ ठरला म्हणून त्याच्यावर पैसा आला.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींवर तपासण्या झाल्या होत्या. त्यात २ लाखांवर रुग्ण आणि १६ लाखांवर वाहक सापडले. अनुसूचित जमातींत जन्मणाऱ्या दर ८६ बाळांमागे एक, असे सरकारी अंदाज सांगतात. वसतिगृहाच्या पंगतीत जिथे अशी लेकरे निघतात, तिथे दुर्मीळ म्हणताना माझी जीभ अडखळते.

पैसा कसा येतो, हे मला कळले ते मात्र शेअरबाजारातून नव्हे, मंडईतून. मी पंचहौदच्या बाजूला राहते, त्यामुळे मंडई माझ्या पायाखालची. तिथे एक फळवाले आहेत, त्यांची सोयरीक देवगडकडची. आंब्याच्या पेट्या लागल्या की मी भाव विचारते, घेते मात्र मे महिन्यात. एकदा त्यांनी बाग मोहोरावर कशी घेतात ते समजावून सांगितले होते. पौष-माघात झाडे मोहोरलेली पाहून व्यापारी बागायतदाराशी सौदा करतो आणि इसार देतो. तेव्हा झाडावर एक कैरी नसते. पुढे तुडतुडे पडले, भुरी आली, अवकाळी पाऊस झाला, तर मोहोर गळतो आणि व्यापाऱ्याचे पैसे जातात. म्हणून शहाणा व्यापारी एकच बाग घेत नाही, पाच-सहा घेतो. एखादी लागली की बाकीच्यांची भरपाई तीच करते. "आणि मग त्या एका बागेच्या पेटीचा भाव कोण भरतं?" असे मी विचारले. ते हसले. "तुम्ही."

औषधाच्या कंपन्यांत पैसा घालणारे नेमके हेच करतात. प्रयोगशाळेत उंदरावर काही जमले, पहिल्या पाच-दहा रुग्णांत गुण दिसला, की तो मोहोर. त्यावर कोट्यवधी डॉलर लागतात. बहुतेक मोहोर गळतो. जे फळ धरते, त्याच्या किमतीत सगळ्या गळालेल्या बागांचे पैसे मिळवलेले असतात.

सिकलसेलच्या बागेत काय घडले, ते पाहा. २०२० साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते क्रिस्पर नावाच्या तंत्रासाठी. जनुकाच्या लिखाणात नेमक्या जागी कापून फेरफार करण्याची ही कात्री. तिच्या जोरावर व्हर्टेक्स आणि क्रिस्पर थेरप्युटिक्स या दोन कंपन्यांनी कॅसजेव्ही हा उपचार तयार केला. २०१९ साली मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे या बाईंनी तो सर्वांत आधी घेतला. चार मुलांची आई, लहानपणापासून इस्पितळाच्या वाऱ्या करणारी. त्यांच्या कळा थांबल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेच्या तपासणीत ज्या ३१ रुग्णांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता, त्यांतले २९ जण निदान वर्षभर मोठ्या कळांपासून मुक्त राहिले होते. ही थापेबाजी नाही. काम झाले आहे, आणि पैसा लावणाऱ्यांशिवाय ते झाले नसते, हेही मी मान्य करते.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ब्लूबर्ड बायो या दुसऱ्या कंपनीच्या सिकलसेलवरच्या जनुकीय उपचारालाही ८ डिसेंबरलाच परवानगी मिळाली, आणि त्याच दिवशी त्या कंपनीचा शेअर सुमारे ४० टक्क्यांनी कोसळला. का? अमेरिकेत मुलांच्या दुर्मीळ आजारावर औषध काढणाऱ्या कंपनीला सरकार एक चिठ्ठी देते. ती असली की पुढच्या कुठल्याही औषधाची तपासणी लवकर होते. ही चिठ्ठी विकता येते, आणि तेव्हा बाजारात तिला १० कोटी डॉलरच्या आसपास भाव होता. ब्लूबर्डने ती हिशेबात धरली होती, ती मिळाली नाही. शिवाय रक्ताच्या कर्करोगाच्या धोक्याची सूचना औषधावर छापण्याची अट आली. उपचार चालतो हे सरकारने मान्य केले, त्याच दिवशी कंपनी बाजारात पडली. एकेकाळी हजार कोटी डॉलरच्या घरात मोजली गेलेली ती कंपनी २०२५ मध्ये काही कोटी डॉलरांत विकली गेली.

ग्रॅफाइट बायोची गोष्ट तर अजून छोटी. २०२१ मध्ये शेअरबाजारातून २० कोटी डॉलरवर रक्कम उभी केली, पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशी उपचारानंतर नीट वाढेनात, २०२३ च्या सुरुवातीला काम बंद. एडिटास या कंपनीच्या उपचाराचा मात्र रुग्णांत चांगला गुण दिसत होता. तरी डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी तो सोडून दिला, कारण पुढचा खर्च वाटून घेणारा भागीदार मिळाला नाही. ही बातमी वाचून मी दोनदा तारीख तपासली. मोहोर गळला नव्हता, कैऱ्या धरल्या होत्या, तरी बाग सोडून व्यापारी निघून गेला.

साध्या गोळीच्या बाबतीतही असेच झाले. ऑक्सब्रायटा नावाच्या सिकलसेलच्या गोळीला २०१९ मध्ये अमेरिकेत घाईने परवानगी मिळाली. फायझरने ती काढणारी कंपनी २०२२ मध्ये ५४० कोटी डॉलरना घेतली. पुढच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांमध्ये कळांचे आणि मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसले, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ती साऱ्या जगातून मागे घेतली. गुंतवणूकदाराचे पैसे बुडतात तेव्हा मला त्याचे फारसे दुःख होत नाही, तो धोका त्याने पत्करलेला असतो. चाचणीत आपले शरीर देणाऱ्या रुग्णाला मात्र पाच-सहा बागा घेता येत नाहीत.

आपल्या तरुण बंधूंना माझे उत्तर इथेच देते. शेअरबाजारातले मला काही कळत नाही, आणि कळत असते तरी या पानांवर सल्ला दिला नसता. पण शेअर वर जाणे आणि रुग्ण बरा होणे या दोन गोष्टी एका दोरीने बांधलेल्या नाहीत, एवढे वरच्या हकिकतींवरून दिसतेच. आणि पुण्यातल्या ज्या कंपनीची बातमी तुम्ही पाठवली, ती शेअरबाजारात नाहीच.

ती बातमी अशी. दिल्लीतल्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेने सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारलेला देशी उपचार विकसित केला. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी तो जाहीर झाला. बिरसा मुंडा यांच्या जन्माला त्याच आठवड्यात १५० वर्षे पूर्ण झाली होती, म्हणून नाव ठेवले बिरसा १०१. (बिरसा काही काळ मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशनऱ्यांपासून दूर गेले. त्यांचे नाव घेताना आपल्या लोकांनी हेही लक्षात ठेवावे.) हे तंत्रज्ञान पुढच्या विकासासाठी आणि उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिले आहे. हडपसरची ही संस्था १९६६ पासून लशी बनवते आणि स्वस्तात भरपूर बनवणे हीच तिची ख्याती. परदेशातल्या किमतीच्या अगदी थोड्या हिश्शात उपचार द्यायचा, असा मानस सांगितला आहे. पण तंत्रज्ञान हाती आले म्हणजे औषध दुकानात आले असे नाही. रुग्णांवर चाचण्या, त्यांचा काही वर्षांचा पाठपुरावा, मग परवानगी, एवढी वाट मध्ये आहे.

भारतात हे जमणार नाही असे मात्र मी म्हणणार नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर पेशी बदलण्याचा उपचार तयार केला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, आणि त्याचा खर्च अमेरिकेतल्या खर्चाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. वेल्लोरचे आपले ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तर तुम्हा सर्वांच्या प्रार्थनेत असतेच. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेले हे काम. तिथल्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जनुकीय उपचार केला, आणि उपचारानंतर त्यांचा वारंवार होणारा रक्तस्राव थांबला. डिसेंबर २०२४ मध्ये जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले.

आता काकांच्या निधीचा हिशेब. २०२३ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. हे एका माणसाचे. आपल्या अभियानात सापडलेल्या दोन लाख रुग्णांना गुणले तर ३६ लाख कोटी रुपये होतात. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा सगळा अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या थोडा वर होता. देशी उपचार दहाव्या हिश्शात झाला असे धरले, तरी एकेका मुलामागे पावणेदोन कोटींच्या वर. आपल्या संपूर्ण सातपुडा कामाचे कित्येक वर्षांचे अंदाजपत्रक एका मुलावर जाईल, आणि ते मूल निवडायचे कुणी?

आणि हे एक सुई टोचून घरी जाण्याचे काम नाही. बातम्यांत 'इंजेक्शन' म्हटले जाते, त्यामुळे गैरसमज होतो. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी काढतात, त्या प्रयोगशाळेत पाठवतात, तिथे त्या बदलून तपासून परत यायला महिनोन्‌महिने जातात. मग रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी मारतात आणि नव्या सोडतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे इस्पितळात वेगळ्या खोलीत. त्या केमोथेरपीने पुढे मूल न होण्याचाही धोका असतो. २०२३ मध्ये मिळालेली परवानगी १२ वर्षे आणि त्यापुढच्यांनाच होती. परवानगीनंतरच्या पहिल्या दीड वर्षात साऱ्या जगात ज्यांच्यावर हा उपचार पूर्ण झाला, त्यांची संख्या दोन आकडीच राहिली. पाड्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत रुग्णाला झोळीतून आणावे लागते, तिथल्या लोकांना हे सांगताना मी शब्द जपून वापरते.

मंडईच्या इमारतीचीच एक गोष्ट आठवते. १८८५-८६ मध्ये ती बांधली गेली, तेव्हा नाव होते रे मार्केट. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा आहे तर तो शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. अष्टकोनी मनोरा सुंदर आहे, आणि आता खाली मेट्रोही आली. तरी त्या दाराशी भाजी घेताना, जोतीरावांचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे, असे मला वाटते.

आणि आता गोळ्या. ज्या बापाने फोन केला, तो विचारण्याआधीच थांबला होता. आठवडे बाजारात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, 'कायमचा इलाज' असे ऐकले, आणि सुट्टीला घरी गेलेल्या लेकीच्या गोळ्या तीन आठवडे बंद झाल्या. मुलगी नववीत आहे. फोन आला तेव्हा तिला कळा सुरू झाल्या होत्या. जीपने ग्रामीण रुग्णालय, तिथून नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय, सलाईन, दोन बाटल्या रक्त. सहाव्या दिवशी ती उठून बसली. बापाला मी रागावले नाही. त्याने औषध चुकवले ते आशेने, आळसाने नव्हे.

त्या गोळीचे नाव हायड्रॉक्सीयुरिया. हे मूळचे कर्करोगाचे औषध, अमेरिकेत १९९८ पासून सिकलसेलसाठी मंजूर. आता त्यावर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही, म्हणून एका कॅप्सूलची किंमत चहा-बिस्किटाच्या आसपास असते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. ती काय करते, हे त्या बापाला मी असे सांगितले: आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात हा दोष नसतो. जन्मल्यावर ते हळूहळू बंद होते आणि मोठ्यांचे सुरू होते. ही गोळी त्या बंद झालेल्या जुन्या विहिरीचे पाणी थोडे थोडे परत सुरू करते. गंमत अशी, की १८ कोटींची कॅसजेव्हीदेखील तीच विहीर उघडते. ती मोठ्या स्फोटाने उघडते, गोळी बादलीने उपसते. आपल्या भागातल्या बऱ्याच रुग्णांत हे बाळपणीचे हिमोग्लोबिन मुळातच थोडे जास्त राहिलेले असते, हा एक दिलासा. तरी आमच्या मुलांच्या कळा पाहिल्यावर त्याला सौम्य आजार म्हणायला मी धजत नाही.

गोळी रोज घ्यावी लागते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, लग्न झालेल्या मुलींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही. लहान मुलांसाठी पातळ औषध लागते. आयात केलेल्या बाटलीला ७० हजारांवर रुपये पडत होते. आता देशात तयार होऊन ते काही शे रुपयांत आले आहे. याच्यावर शेअरबाजारात कुणी नाचले नाही.

म्हणून काका, निधी जरूर काढा, पण त्याचे नाव 'सुई निधी' नको. आम्हाला पैसे लागतात ते अशा गोष्टींना: गोळ्या संपायच्या आत जिल्ह्याच्या गावी जाऊन आणणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवास, रात्रीची जीप, वसतिगृहात प्रत्येक मुलाला स्वतःची पाण्याची बाटली आणि हिवाळ्यात स्वेटर (पाणी कमी पडले किंवा थंडी लागली की कळा येतात), आणि पुण्या-मुंबईला नेलेल्या रुग्णाबरोबरच्या माणसाचे दोन घास. ज्या मुलाची ऊती-जुळणी (एचएलए) सख्ख्या भावंडाशी होते, त्याच्यासाठी अस्थिमज्जा बदलण्याचा मार्ग आजही खुला आहे. जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. अशी जुळणी निघाली तर त्यासाठी मी तुमच्याकडे नक्की हात पसरेन.

तुमच्या ओळखीत सिकलसेलचा रुग्ण असेल तर एवढे पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढता येते. त्यावर एसटीचा प्रवास मोफत होतो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा मिळतात. परीक्षेची सवलत मंडळाच्या फॉर्मबरोबरच मागावी लागते, नंतर धावपळ करून उपयोग नसतो. आपल्या नववीतल्या मुलीचे प्रमाणपत्र झाले आहे. दहावीचे फॉर्म भरले जातील तेव्हा त्याची प्रत जोडायची, हे वसतिगृहाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने स्वतःच लिहून ठेवले आहे.